फ्रेझल व्हर्ब्जमध्ये ‘इट’ कुठे ठेवायचं? आणि रोजच्या बोलण्यात नेमकी कोणती लागतात?

पाटीपेन्सिल

नमस्कार. मराठी माध्यमाच्या आठवी ते दहावीच्या मुलांसाठी फ्रेझल व्हर्ब्जचे (क्रियापदाला ऑफ, अप, आफ्टर असा छोटा शब्द जोडून होणाऱ्या जोड्यांचे) धडे तयार करते आहे. हाताशी असलेल्या पुस्तकांत लांबलचक याद्या आहेत, इंग्रजी एका बाजूला आणि मराठी अर्थ दुसऱ्या बाजूला. मुलं त्या पाठ करतात. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, हे विचारलं तर पटकन सांगतात. पण वाक्य करायला दिलं की गाडी अडते. माझ्या शंका अशा:

१. ‘टर्न ऑफ द फॅन’ बरोबर, ‘टर्न द फॅन ऑफ’ही बरोबर, मग ‘टर्न ऑफ इट’ चूक का? हेच बघून मुलं ‘लुक हर आफ्टर’ लिहितात, तेव्हा त्यांना काय सांगायचं? कोणती जोडी तुटते आणि कोणती तुटत नाही, हे ओळखायची काही खूण आहे का?

२. ‘टेक ऑफ’सारख्याचे चार-पाच अर्थ एकदम शिकवावेत की सुटे सुटे?

३. घर, रस्ता, फोन यांच्या वाक्यांपासून सुरुवात करायची आहे. मराठीतून विचार करून इंग्रजी बोलताना आपण कुठे हमखास चुकतो?

४. अर्जात किंवा ऑफिसच्या मेलमध्ये फ्रेझल व्हर्ब्ज चालतात का?

उदाहरणं भरपूर द्या, नियम कमी असले तरी चालतील.

व्याकरणकट्टा

पहिली शंका घेतो, कारण वाक्य बिघडतं ते बहुतेक तिथेच.

‘लुक आफ्टर हर’ मधलं ‘आफ्टर’ हे आपल्या शब्दयोगी अव्ययासारखं आहे. ‘तिच्याकडे बघ’ या वाक्यात ‘कडे’ हे ‘तिच्या’ला चिकटलेलं असतं, ते तोडून दुसरीकडे नेता येत नाही. इंग्रजीत ते नामाच्या नंतर न लागता आधी येतं एवढाच फरक. ‘आफ्टर हर’ ही एक जोडी झाली, म्हणून ‘लुक हर आफ्टर’ होत नाही.

‘टर्न ऑफ’ मधलं ‘ऑफ’ मात्र फॅनला चिकटलेलं नाही. ते क्रियापदाचं जोडीदार आहे, क्रियाविशेषण आहे. त्यामुळे ते फॅनच्या अलीकडे किंवा पलीकडे कुठेही बसू शकतं.

मग ‘टर्न ऑफ इट’ का नको? इंग्रजी वाक्यात शेवटची जागा वजनदार, नवीन माहितीची असते. ‘इट’ म्हणजे आधीच माहीत असलेली गोष्ट, त्यावर आवाजाचा जोर पडत नाही. जोर ‘ऑफ’वर पडतो: ‘टर्न इट ऑफ’. म्हणून इट, देम, मी, हिम, हर, अस, यू ही सर्वनामं तुटणाऱ्या जोडीच्या मधेच जातात. उलट कर्म फार लांब असेल तर ते शेवटी टाकायचं. ‘टर्न ऑफ ऑल द लाइट्स ऑन द सेकंड फ्लोअर’ हे सरळ वाचता येतं. ‘ऑफ’ अगदी शेवटी नेलं तर ऐकणारा तोपर्यंत वाट बघत बसतो.

आता खूण. दुसरा शब्द कोणता आहे ते बघा.

अवे, बॅक, अपार्ट, टुगेदर, असाइड हे शब्द क्रियाविशेषणंच असतात. यांच्याबरोबर कर्म असेल तर जोडी तुटते: ‘थ्रो इट अवे’, ‘कॉल मी बॅक’. ‘आउट’ही जवळजवळ याच गटातलं: ‘फाइंड इट आउट’.

अ‍ॅट, फॉर, इंटू, विथ, फ्रॉम, ‘ऑव्ह’ या उच्चाराचं ओएफ (दोन एफचं ‘ऑफ’ नव्हे), अगेन्स्ट, आणि जवळपास नेहमी आफ्टर, हे शब्दयोगी. सर्वनाम यांच्या नंतरच: ‘लुक फॉर इट’, ‘लुक इंटू इट’, ‘डील विथ इट’, ‘टेक आफ्टर हिम’.

घोळ होतो तो अप, डाउन, ऑफ, ऑन, इन, ओव्हर, थ्रू या शब्दांपाशी, कारण ते दोन्ही कामं करतात. ‘ही रॅन अप अ बिल’ म्हणजे त्याने बिल वाढवून ठेवलं. इथे ‘रॅन इट अप’ होतं. ‘ही रॅन अप द हिल’ म्हणजे तो टेकडीवर धावत गेला. इथे ‘रॅन अप इट’ म्हणावं लागतं, कारण ‘अप’ टेकडीला चिकटलेलं आहे. तसंच ‘हँड इट ओव्हर’ (सुपूर्द कर) तुटतं, पण ‘गेट ओव्हर इट’ (त्यातून सावर) तुटत नाही. इथे पाठांतराला पर्याय नाही, पण ती यादी छोटी आहे. मुलांना न तुटणाऱ्या एवढ्याच द्या: गेट ऑन आणि गेट ऑफ (वाहनात चढणं-उतरणं), गेट ओव्हर, गो ओव्हर, गो थ्रू, कॉल ऑन, काउंट ऑन, कम अक्रॉस. वरच्या शब्दांच्या बाकीच्या जोड्या, कर्म असेल तर, तुटतात असं धरून चालले तर चुका कमी होतील, तरी काही अपवाद राहतील.

शंका आली तर शब्दकोश. चांगल्या लर्नर्स डिक्शनरीत ‘समथिंग’ हा शब्द कुठे छापलाय ते बघायला शिकवा. मधे असेल किंवा तिथे दोन तोंडांचा बाण असेल तर तुटतं, शेवटीच असेल तर नाही. अर्थ बघायच्या आधी ही सवय लागली पाहिजे.

वर्गात सराव असा घ्या. १० तुटणाऱ्या आणि ५ न तुटणाऱ्या जोड्यांची नामासकट वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहा आणि मिसळून टाका. तुम्ही म्हणायचं ‘पिक अप द बॅग’, मुलांनी म्हणायचं ‘पिक इट अप’. तुम्ही म्हणायचं ‘लुक फॉर द की’, मुलांनी ‘लुक फॉर इट’. मिसळणं महत्त्वाचं आहे. एकाच प्रकारच्या दहा ओळीने घेतल्या तर मुलं विचार न करता चाल म्हणतात. आणि हे तोंडी घ्या. ‘ऑफ’, ‘अप’वर जोर देऊन म्हटलं की ‘टर्न ऑफ इट’ कानालाच खटकायला लागतं.

तीन शब्दांच्या जोड्या (पुट अप विथ, रन आउट ऑव्ह, कम अप विथ, कॅच अप विथ) शेवटी शब्दयोगी असल्यामुळे तुटत नाहीत: ‘आय कान्ट पुट अप विथ इट’. काहींत मात्र दोन कर्मं असतात आणि एक मधे बसतं. ‘ऑफिसचा राग माझ्यावर काढू नकोस’ याला ‘डोन्ट टेक इट आउट ऑन मी’. हे दहावीनंतर घेतलं तरी चालेल.

काळ फक्त पहिल्या शब्दाला लागतो, हेही एकदा फळ्यावर लिहा: टर्न्ड ऑफ, पिकिंग अप, गेट्स अप.

शब्दवेल

ताई, दुसऱ्या शंकेबद्दल. अनेक अर्थ म्हटलं की मुलं घाबरतात, पण त्यांच्या तोंडात असलेलं ‘काढणे’ घ्या. चप्पल काढली, पैसे काढले, कर्ज काढलं, दुकान काढलं, राग काढला, फोटो काढला, मार्ग काढला. याची यादी कोणी पाठ केलेली नसते. इंग्रजीत यांचं अनुक्रमे टेक ऑफ, टेक आउट (बँकेतून असेल तर विथड्रॉही), टेक आउट अ लोन, सेट अप, टेक आउट ऑन, टेक (एकटंच), वर्क आउट होतं. हा तक्ता फळ्यावर मांडा. एका मराठी क्रियापदाला एकच इंग्रजी क्रियापद शोधणं चुकीचं का, हे त्यातून दिसतं. ‘रिमूव्ह मनी फ्रॉम एटीएम’ किंवा ‘ओपन द शूज’ ही वाक्यं त्या शोधातूनच येतात.

आता कापण्याचं बघा. मराठीत आपण झाड तोडतो, फांदी छाटतो, भाजी चिरतो, कागदातून चित्र कातरून काढतो. दर वेळी क्रियापद वेगळं. इंग्रजीत क्रियापद ‘कट’च राहतं, बदलतो तो दुसरा शब्द: झाड कट डाउन (ते खाली येतं), फांदी कट ऑफ (ती सुटते), भाजी कट अप (तिचे तुकडे होतात), चित्र कट आउट (ते कागदातून बाहेर येतं). जिथे मराठी नवं क्रियापद काढते तिथे इंग्रजी दुसरा शब्द बदलते. फ्रेझल व्हर्ब्ज शिकवताना मी भर देईन तो इथे.

मराठीचं आणखी एक वैशिष्ट्य उपयोगी पडतं, संयुक्त क्रियापदं. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांत जो फरक आहे तोच ‘ईट’ आणि ‘ईट अप’ यांत आहे. ‘टाक’ने काम पुरं झाल्याचा भाव येतो, ‘अप’नेही येतो: ड्रिंक अप (पिऊन टाक), यूज अप (वापरून संपवणं), क्लीन अप (साफ करून टाक). ‘लिहून घे’ म्हणजे राइट डाउन किंवा टेक डाउन. ‘उठून बसला’ याला तर इंग्रजीत ‘सॅट अप’ इतकं छोटं मिळतं. आडवा माणूस बसता झाला, उभा नव्हे. हा फरक मुलांना मराठीमुळे लगेच कळतो.

तेव्हा अर्थ क्रियापदाच्या नव्हे, दुसऱ्या शब्दाच्या बाजूने लावा. ‘ऑफ’चा गाभा आहे सुटणं. विमान धावपट्टीवरून सुटतं: टेक ऑफ. कोट अंगातून सुटतो: टेक ऑफ युअर कोट. शुक्रवारी कामातून सुटका: टेक फ्रायडे ऑफ. पंख्याचा वीजप्रवाह तुटतो: स्विच ऑफ. ठरलेला सामना रद्द झाला: कॉल्ड ऑफ. पाच अर्थ नाहीत, एकाच अर्थाच्या पाच जागा आहेत. एखादा धंदा अचानक जोरात चालायला लागला तर ‘टुक ऑफ’ म्हणतात, ते विमानावरून आलं.

‘आउट’चं असंच. एक धागा संपण्याचा: रन आउट, सेल आउट, डाय आउट. दुसरा धागा आतलं बाहेर येण्याचा: फाइंड आउट, वर्क आउट, पॉइंट आउट. तिसरा वाटण्याचा: हँड आउट, गिव्ह आउट. ‘डाउन’ कमी होण्याचा (स्लो डाउन, कट डाउन, टर्न डाउन) आणि कागदावर उतरवण्याचा (राइट डाउन, नोट डाउन). आपणही ‘उतरवून घेणं’च म्हणतो, इथे दोन्ही भाषा एकाच वाटेने गेल्या आहेत.

सावध राहायची जागा: इमारत जळाली तर ‘बर्न्ड डाउन’, कारण ती कोसळते. कागद जळाले तर ‘बर्न्ड अप’, कारण काही उरत नाही. अप आणि डाउन विरुद्ध आहेत म्हणून अर्थही उलटा असेल असं मुलं धरून चालतात. आवाजाच्या बाबतीत ते खरं (टर्न अप, टर्न डाउन), इथे नाही.

एका आठवड्यात एकच शब्द घ्या. सोमवारी ‘ऑफ’, शनिवारपर्यंत ‘ऑफ’च. रोज चार वाक्यं, म्हणजे आठवड्याला २४. आठ आठवड्यांत अप, ऑफ, आउट, ऑन, डाउन, इन, ओव्हर, अवे होतात. क्रियापदं गेट, टेक, पुट, टर्न, गो, कम, लुक, ब्रेक, रन, गिव्ह या दहांतूनच निवडा.

पाटीपेन्सिल

दोघांचेही आभार. ‘काढणे’चा तक्ता उद्याच फळ्यावर जाईल. पण ‘गिव्ह अप’, ‘पुट अप विथ’, ‘मेक अप’ यांना हा गाभा कसा लावायचा?

शब्दवेल

नाही लागत, आणि ओढूनताणून लावू नका. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणं, हे तसंच शिकवायचं, जसं ‘डोळा लागणे’ आपण फोड न करता शिकतो. ‘गिव्ह अप’मध्ये हातातलं सोडून देणं एवढं दिसतं, तेवढ्यावर थांबा. त्याच्यापुढे क्रियापद आलं तर ‘इंग’ लागतं, ते मात्र पक्कं करून घ्या: ‘ही गेव्ह अप स्मोकिंग’, ‘टु स्मोक’ नव्हे. कॅरी ऑन, कीप ऑन, पुट ऑफ यांनाही तेच.

‘मेक अप’ वाक्यांतून द्या: गोष्ट मनाने रचली (मेड अप अ स्टोरी), भांडण मिटलं (दे मेड अप), बुडालेला तास भरून काढला (मेड अप फॉर द लॉस्ट अवर). तीन दिवस, तीन वाक्यं. हे एकदम देऊ नका.

रोजचं_इंग्रजी

तिसऱ्या शंकेत खरं काम आहे. जागेनुसार लिहिते, चुकांसकट.

सकाळ. आपलं ‘उठणे’ दोन कामं करतं. मला सहाला जाग आली पण सातला उठलो: ‘आय वोक अप अ‍ॅट सिक्स बट गॉट अप अ‍ॅट सेव्हन’. वेक अप म्हणजे डोळे उघडणं, गेट अप म्हणजे अंथरूण सोडणं. डुलकी लागली, डोज्ड ऑफ. जागत बसलो, स्टेड अप. ‘वेकिंग टिल ट्वेल्व्ह’ असं कोणी म्हणत नाही.

कपडे. ‘घालतोय’ आणि ‘घातलाय’ यांत मराठी जो फरक करते, तो इंग्रजी दोन क्रियापदांनी करते. शर्ट घालतोय (क्रिया चालू आहे): पुटिंग ऑन. निळा शर्ट घातलाय (अंगावर आहे): वेअरिंग. ‘ही इज पुटिंग ऑन अ ब्लू शर्ट टुडे’ हे दिवसभराच्या कपड्याबद्दल चूक. दुकानात घालून बघणं, ट्राय ऑन. ‘ड्रेस अप’ म्हणजे नुसते कपडे घालणं नव्हे, नटणं. रोज शाळेसाठी तयार होणं ‘गेट ड्रेस्ड’.

दिवा, पंखा, गॅस, नळ. आपण मराठीत ‘पंखा ऑफ कर’ म्हणतो, तिथे ‘कर’ हे क्रियापद असतं. इंग्रजीत जाताना ते ‘कर’ गळून पडतं आणि ‘ऑफ द फॅन’ होतं. क्रियापद हवंच: टर्न किंवा स्विच. ‘क्लोज द लाइट’ही नको. यातलं बारीक: ‘स्विच’ विजेच्या बटणाला, ‘टर्न’ सगळ्याला. नळाला, शेगडीला ‘स्विच ऑफ द टॅप’ म्हणता येत नाही, ‘टर्न ऑफ द टॅप’. गॅस बारीक कर, ‘टर्न डाउन द गॅस’. मोठा कर, ‘टर्न अप’. टीव्हीच्या आवाजालाही तेच दोन. मेणबत्ती फुंकून विझवली तर ब्लो आउट, आग विझवली तर पुट आउट.

संपलं. दूध संपलं, पेट्रोल संपलं. ‘मिल्क गॉट ओव्हर’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, भारताबाहेरच्या माणसाला ते विचित्र वाटतं. दोन रचना शिकवा. माणूस कर्ता असेल तर ‘वी हॅव रन आउट ऑव्ह मिल्क’, वस्तू कर्ता असेल तर ‘द मिल्क हॅज रन आउट’. दुसऱ्या रचनेत ‘ऑव्ह’ येत नाही. ‘रन’चं तिसरं रूप रनच, तिथे ‘हॅज रॅन’ हमखास पडतं. आणि ‘गेट ओव्हर’ वर आलंच आहे: आजारातून, दुःखातून सावरणं.

प्रवास. बस, ट्रेन, विमान: गेट ऑन, गेट ऑफ. कार, टॅक्सी, रिक्षा: गेट इन, गेट आउट ऑव्ह. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं किंवा ज्यावर पाय टाकून बसतात (सायकल, मोटारसायकल, घोडा) तिथे ऑन आणि ऑफ. ज्यात वाकून शिरावं लागतं तिथे इन आणि आउट. ‘गेट डाउन फ्रॉम द बस’ ही ‘खाली उतर’ची सावली. चौकात सोडा: ‘ड्रॉप मी ऑफ अ‍ॅट द चौक’. ‘लीव्ह मी’ म्हटलं तर ‘मला सोड, हात सोड’ असं ऐकू येतं. तुला घ्यायला येते: ‘आय विल पिक यू अप’. पाहुण्यांना स्टेशनवर निरोप द्यायला गेलो: ‘सी ऑफ’. यात निरोप आहे, ‘ड्रॉप ऑफ’मध्ये नुसतं पोचवणं. गाडी रस्त्यात बंद पडली: ‘ब्रोक डाउन’.

फोन. इथे सगळ्यात जास्त मिळतात. उचल: पिक अप. ठेव: हँग अप, भूतकाळ हंग अप (हँग्ड म्हणजे फाशी दिलं). ‘कीप द फोन’ हे ‘फोन ठेव’चं शब्दशः. लागत नाही: ‘आय कान्ट गेट थ्रू’. मधेच तुटला: ‘वी गॉट कट ऑफ’. आवाज तुटतोय: ‘यू आर ब्रेकिंग अप’. मोठ्याने बोल: ‘स्पीक अप’. थांब जरा: ‘होल्ड ऑन’. नंतर करते: ‘आय विल कॉल यू बॅक’. या आठ वाक्यांचा दोन मुलांचा संवाद करून घ्या, दहा मिनिटांत बसतो.

शेवटी, जिथे दुसरा शब्द नकोच तिथेही आपण लावतो. ‘कोप अप विथ’ नाही, ‘कोप विथ’. ‘रिटर्न बॅक’ नाही, रिटर्नमध्येच परत येणं आहे. ‘डिस्कस अबाउट’ नाही, ‘डिस्कस द प्रॉब्लेम’. उलट ‘थ्रो द गार्बेज’ अपुरं, कचरा फेकून मारायचा नसेल तर ‘थ्रो अवे’. फॉर्म ‘फिल अप’ नव्हे, ‘फिल इन’ (ब्रिटिश) किंवा ‘फिल आउट’ (अमेरिकन). फिल अप टाकीला आणि बाटलीला. ‘आय पास्ड आउट इन २०१९’ म्हणजे भारतात पदवी मिळाली. बाहेर मात्र बहुतेक जण ‘बेशुद्ध पडलो’ असंच समजतात. मुलाखतीला बसणाऱ्यांना ‘ग्रॅज्युएटेड’ शिकवा.

मसुदा

चौथी शंका. चालतात, पण निवडून.

इंग्रजीत एकाच कामाला बऱ्याचदा दोन शब्द असतात, एक घरचा आणि एक फ्रेंच-लॅटिनमधून आलेला. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबाराची भाषा फ्रेंच झाली, त्यामुळे ते शब्द भारदस्त मानले गेले. पुट ऑफ आणि पोस्टपोन, कॉल ऑफ आणि कॅन्सल, सेट अप आणि एस्टॅब्लिश, गो अप आणि इन्क्रीज. आपलं ‘पुढे ढकलणे’ आणि ‘स्थगित करणे’ बघा, तेच नातं आहे. बैठकीची नोटीस काढताना ‘स्थगित’ लिहितो, शेजाऱ्याला सांगताना ‘पुढे ढकलली’ म्हणतो. आपली मुलं इंग्रजी पुस्तकातून शिकतात म्हणून बोलतानाही ‘स्थगित’ वापरतात, वाक्य बरोबर असूनही अवघडलेलं वाटतं.

पण सगळ्या फ्रेझल व्हर्ब्ज अनौपचारिक नाहीत. कॅरी आउट (पार पाडणे), लुक इंटू (चौकशी करणे), पॉइंट आउट, ड्रॉ अप (करारनामा तयार करणे), सेट आउट (मुद्दे मांडणे) अहवालात बिनधास्त लिहा. मेलमध्ये ‘आय विल गेट बॅक टु यू बाय मंडे’ नीटनेटकं आहे. त्याजागी आपल्याकडे ‘रिव्हर्ट’ लिहितात, ज्याचा मूळ अर्थ पूर्वीच्या स्थितीला जाणं. ‘प्रीपोन’ भारतात सगळ्यांना कळतं, परदेशी ग्राहकाला लिहिताना ‘ब्रिंग फॉरवर्ड’.

कर्मणी प्रयोगात दुसरा शब्द गाळू नका: ‘द मॅच वॉज कॉल्ड ऑफ’, ‘युअर कम्प्लेंट इज बीइंग लुक्ड इंटू’. शब्दयोगी शेवटी लटकल्यासारखा वाटतो म्हणून मुलं खोडतात, पण तो हवा.

संगणकामुळे नवीन गोंधळ झालाय. नाम एकत्र लिहितात, क्रियापद तोडून. लॉगिन, बॅकअप, सेटअप ही नामं. क्रियापद लॉग इन, बॅक अप, सेट अप. म्हणून भूतकाळ ‘लॉग्ड इन’ आणि ‘बॅक्ड अप’, ‘बॅकअप्ड’ नव्हे. उच्चारही बदलतो, नामात जोर पहिल्या भागावर आणि क्रियापदात दुसऱ्यावर. काही नामांत तर क्रम उलटतो: ब्रेक आउट वरून आउटब्रेक (साथीचा उद्रेक). मुलांना ही जोडी आवडते.

ब्रिटिश-अमेरिकन फरक फार शिकवू नका. एक माहीत असावा: ‘वॉश अप’ म्हणजे ब्रिटनमध्ये भांडी घासणं, अमेरिकेत हात-तोंड धुणं.

पाटीपेन्सिल

एक राहिलं. अर्जाच्या शेवटी मुलं ‘आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू’ लिहितात. हे ‘मीटिंग’ का असायला हवं? ‘टु’नंतर मूळ रूप येतं असंच शिकवलेलं असतं.

व्याकरणकट्टा

कारण हा ‘टु’ वेगळा आहे. ‘आय वॉन्ट टु मीट’ मधला ‘टु’ क्रियापदाचं मूळ रूप दाखवतो. ‘लुक फॉरवर्ड टु’ मधला ‘टु’ शब्दयोगी आहे, त्याच्यानंतर नाम हवं: ‘लुकिंग फॉरवर्ड टु द हॉलिडेज’. क्रियापदाला नामाच्या जागी बसवायचं तर ‘मीटिंग’ करावं लागतं, जसं मराठीत ‘भेट’ला शब्दयोगी जोडायच्या आधी आपण ‘भेटण्या’ करतो: भेटण्यासाठी, भेटण्याकडे.

तपासायची रीत: ‘टु’पुढे ‘इट’ ठेवून बघा. ‘आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टु इट’ जमतं, म्हणून ‘इंग’. ‘आय वॉन्ट टु इट’ जमत नाही, म्हणून मूळ रूप. हीच कसोटी ‘गेट अराउंड टु’ला (वेळ काढून एकदाचं करणं) आणि ‘बी यूज्ड टु’ला (सवय असणं) लावा, तिथेही ‘इंग’च येतं.